खंड्याची नजर

फाल्गुन लागला की आमच्या दारावरून मिठाच्या गाड्या जाऊ लागतात. त्या खाडीकडून येतात. खोपटाच्या वळणावर जरासा चढ आहे, म्हणून गाडीवान खाली उतरतात आणि बैलांच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत चालतात. मागच्या गाडीचा बैल संधी साधून पुढच्या गाडीतल्या गोणीला जीभ लावतो. पुतण्याची बायको आतून म्हणते, "काका, उन्हात काय उभे राहता, आत या." मुलगी मायाळू आहे. म्हाताऱ्याला कुणाची तरी वाट बघायची खोड लागली आहे, असं तिला वाटतं. मी वाट वगैरे काही बघत नाही. मला तो वास हवा असतो, ओल्या गोणपाटाचा आणि खाऱ्या चिखलाचा. तो नाकात शिरला की मी त्या आगरावर, त्या एका हंगामात जाऊन उभा राहतो. मग जेवायला बोलावलं तरी पटकन ऐकू येत नाही.

आगर म्हणजे मिठागर. कोपरीच्या पुढे खाडीला लागून ते पसरलेलं होतं. डोळा पोचेल तिथवर चौकोनी वाफे, वाफ्यांमधून पाऊलभर रुंदीचे बांध, आणि बांधांच्या कडेला गवताने शाकारलेले मिठाचे ढीग. झाड नावाला नाही. दुपारी सगळीकडून इतका उजेड येई की डोळे मिटले तरी तो आत राही. दूर खाडीवरच्या पुलावरून आगगाडी कल्याणकडे जाताना दिसे. आवाज उशिरा येई, आणि तो येईपर्यंत गाडी दिसेनाशी झालेली असे.

मी तिथे मीठखात्याचा कारकून होतो. मीठ तोलून घ्यायचं आणि कर भरल्यावाचून मूठभरही बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. संध्याकाळी बायका घरी निघाल्या की शिपाई त्यांच्या टोपल्या उलट्या करून बघे आणि मी शेजारी उभा राही. अशा माणसाशी कोण बोलणार? दहा जणांचा हशा चालू असताना मी बांधावर दिसलो की तो तिथेच थांबे. फावड्यांचा आवाज तेवढा उरे. मी पुढे गेलो की मागे पुन्हा हशा. मला त्यांचा राग येत नसे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही गप्प बसलो असतो.

ही जागा मी मागून घेतली होती. आदल्या श्रावणात माझी बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. कल्याणला दादांच्या घरी माणसांची वानवा नव्हती, पण मी ओसरीवर आलो की सगळ्यांच्या नजरा माझ्यावर पडत आणि लगेच दुसरीकडे वळत. कुणी पाण्याच्या तांब्याकडे बघे, कुणी आढ्याकडे. कणव होती ती, मला कळत होतं. पण घरातली सगळी माणसं आपल्याशी आढ्याकडे बघून बोलू लागली की घर नकोसं होतं. त्यापेक्षा जिथे कुणी बोलतच नाही ती आगरावरची चौकी बरी, असा मी विचार केला. विचार चुकीचा होता, हे पहिल्या आठवड्यातच कळलं.

खंड्या हा कुत्रा मिठाच्या मचव्यातून, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीतून आला. मचवा भरून भरतीच्या पाण्याबरोबर निघून गेला आणि हा धक्क्यावर राहिला. तांबूस रंगाचा, एक पाय पांढरा, वयाने पोरसवदा. चौकीवर भाकरीचा तुकडा मिळाला म्हणून तिथेच मुक्काम ठोकला. पाण्यात मासळी हलली की काठावरून सरळ सूर मारी, म्हणून मुकादमाने त्याला खंड्या म्हणायला सुरुवात केली. पक्षी खंड्या मासा घेऊन वर येतो. हा चिखल घेऊन येई आणि माझ्या अंथरुणावर झाडी.

एवढ्यावर भागलं असतं, पण आगरावर टिटव्या फार. मिठाच्या वाफ्याचा तळ माणसं पायांनी तुडवून घट्ट करतात. कार्तिकापासून ओळीने उभं राहून, उन्हात, तास न् तास. हात फिरवला तर कुठे उंचवटा लागू नये इतका तो सारखा होतो, तेव्हा त्यात खाडीचं आटवलेलं पाणी सोडतात. त्या तळाला नख लागलं की चिखल वर येतो आणि मीठ काळं पडतं. काळं मीठ कुणी घेत नाही. म्हणून आगरावर लहानथोर सगळे बांधावरूनच चालतात. आणि खंड्या? टिटवी ओरडली की हा तीरासारखा वाफ्यांतून आडवा. एका सकाळी तीन वाफे त्याने नांगरले. माणसं फावडी घेऊन मागे लागली, तर त्याला वाटलं आपल्याशी खेळतायत.

नथू मुकादम चौकीत आला. दारातच उभा राहिला. "रावसाहेब, यो तुमच्या दारात भाकर खातो म्हून यक डाव सोरला. परत वाफ्यात पाय परला तं होडीत घालून खाडीपल्याड नेऊन सोरनार. तथं कोल्ही हायेत, ती बगतील त्याचं."

त्याचं काही चुकत नव्हतं. ज्यांच्या पायांची सालटं निघाली होती, त्यांनी आणखी काय म्हणावं? मी म्हटलं, "मी बघतो." नथूने माझ्याकडे बघितलं. कारकून काय बघणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

बांधून ठेवला तर तो सुंभ कुरतडून मोकळा होई. ओरडलो तर आणखी चेवात येई. मारणं माझ्या हातून होत नाही. मग मी आमच्या घरच्या समजुतीने लालूच दाखवायला गेलो. भाकरीवर तूप घातलं, वर गुळाचा खडा ठेवला आणि बांधावर उभा राहून हाका मारू लागलो. खंड्याने लांबूनच हुंगलं आणि तो टिटवीकडे वळला. उघाडीपाशी, म्हणजे खाडीचं पाणी आत घेण्याच्या दारापाशी, बायजा बसली होती. नथूची थोरली बहीण, विधवा, ते दार सांभाळणारी. ती मोठ्याने म्हणाली, "रावसाहेब, आता वरन-भात घाला त्याला, म्हंजे उद्या जानवं मागंल!"

सगळं आगर हसलं. आणि मी तिथे असताना हसलं. माझे कान तापले, पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणी माझी चेष्टा केली होती.

बायजानेच संध्याकाळी पानात गुंडाळून सुकट आणून दिली. "मचव्यावरचा कुत्रा हाय तो. तूप काय दावता त्याला?" म्हणाली. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. आमच्या सात पिढ्यांत कुणी तिला हात लावला नव्हता. मी ती पुडी धोतराच्या कनवटीला लावली आणि त्या दिवसापासून माझ्या अंगाला जो वास लागला, तो ज्येष्ठापर्यंत सुटला नाही.

मला कुणी काही शिकवलं नव्हतं. बघता बघता कळत गेलं. एकदा मुठीत सुकट धरून हात बाजूला पसरून उभा होतो. खंड्या मुठीकडे बघत होता. चाटलं, पंजा मारला, भुंकला. मी मूठ उघडली नाही, कारण मी दुसऱ्याच विचारात होतो. कंटाळून त्याने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय रे बाबा, तुझं म्हणणं तरी काय, असं त्या डोळ्यांत होतं. मी नकळत मूठ उघडली. तो खेळ तिथून सुरू झाला. मूठ डावीकडे असो की उजवीकडे, मुठीकडे बघून काही मिळायचं नाही, माझ्याकडे बघितलं की मिळायचं. दोन दिवसांत तो मुठीकडे बघेनासा झाला. माझ्यासमोर बसे आणि माझ्या तोंडाकडे टक लावी.

पण चौकीच्या ओट्यावर शहाणा आणि बांधावर येडा, अशी त्याची गत होती. बांधावर टिटवी होती. टिटवी पंख मोडल्याचं सोंग करते, लंगडते, किंचाळते, पाठलाग करणाऱ्याला लांब लांब नेते. आणि इकडे मी, तुळतुळीत डोक्याचा, लांब चेहऱ्याचा विधुर कारकून. कुत्र्याने कुणाकडे बघावं? मला जे कळलं ते एवढंच की टिटवीपेक्षा मी जास्त गमतीचा व्हायला हवं. हे काम किती अवघड होतं ते मलाच माहीत. श्रावणापासून मी गमतीचं असं काही केलं नव्हतं.

मी धोतर खोचलं आणि बांधावरून पळू लागलो. काथ्याची एक जाड गाठ करून घेतली होती, ती पुढे नाचवत उलटा पळे. खंड्या तिचं एक टोक धरी, मी दुसरं. ओढाओढीत कधी तो जिंके, कधी मी मुद्दाम हरे. एकदा पाटात पडलो, कमरेपर्यंत चिखल. बायका पोटं धरून हसल्या आणि त्यातल्या एकीने हात देऊन मला वर ओढलं. तिची टोपली त्या संध्याकाळी शिपायाने उलटी केली तेव्हा मी पुलाकडे बघत होतो.

सगळ्यांत कामाला आला तो लपंडाव. खंड्याची नजर माझ्यावरून सुटून टिटवीकडे गेली रे गेली, की मी मिठाच्या ढिगामागे नाहीसा होई. तो वळून बघतो तो मी नाही. मग त्याची तारांबळ. बांधावरून इकडे धाव, तिकडे धाव, नाक जमिनीला. ढिगामागे मी सापडलो की आनंदाने अंगावर येई, मी सुकट देई, काथ्याची गाठ नाचवी, त्याचं कौतुक करी. मोठ्याने, तोंडाला येईल ते. माझा आवाज इतका मोठा आहे हे मी विसरलो होतो. हळूहळू त्याला कळलं की या माणसावरून नजर काढली तर हा हरवतो. मग तो नजर काढेनासा झाला.

शिमग्याला घरी गेलो तेव्हा वहिनींनी मला दारातच थांबवलं. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "भाऊजी, हा वास कसला?" कनवटीला विसरून राहिलेली पुडी निघाली. मग काय विचारता! अंगणातच आंघोळ, धोतर वेगळं भिजवलं, जिथे उभा होतो तिथे शेणाचा सडा. दादा ओटीवरून म्हणाले, "मिठावर नेमलंय की मासळीवर?" जेवताना त्यांनी मुलगी पाहून ठेवल्याचं सांगितलं. घर चांगलं आहे, मुलगी शांत आहे. सांगताना ते वाढपाकडे बघत होते. मी नको म्हणालो. नंतरही नको म्हणत राहिलो, आणि पुढे त्यांनी विचारणं सोडलं. त्या रात्री माणसांनी भरलेल्या घरात मला सारखं वाटत होतं की आपल्याकडे कुणीतरी नीट बघावं. इतकी साधी गोष्ट. ती मागायची कशी, हे मात्र कुणी शिकवलेलं नसतं.

चैत्रात टिटव्यांची पिल्लं सुटली आणि आगर त्यांच्या ओरड्याने भरून गेलं. खंड्या माझ्यापुढे बांधावर चालला होता. अगदी हाताच्या अंतरावरून टिटवी उडाली. तो थांबला. कान उभे, एक पाय उचललेला, पाठीवरचे केस ताठ. वाफ्यात नुकतं मीठ धरू लागलं होतं. काठावर फावडी घेतलेली माणसं जागच्या जागी उभी राहिली. मी हाक मारली नाही. खंड्या थरथरत होता. आणि मग त्याची मान वळली. सावकाश, जड ओझं फिरवावं तशी. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी खाली बसलो, त्याला जवळ घेतलं आणि रडलो. बायको गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. सगळे म्हणत होते, मोठ्या धीराचा आहे. धीर कसला? रडायला समोर कुणीतरी लागतं. नथू माणसांवर ओरडला, "बगता काय? वढा मीठ!" आणि सगळे कामाला लागले.

वैशाखात बदलीचा हुकूम आला. कारवारकडे, आगबोटीने. तिथे एका वरिष्ठांच्या घरात एक खोली मिळणार होती. वरिष्ठ कर्मठ होते, चपलासुद्धा फाटकाबाहेर काढायला लावतात म्हणे. खंड्याला ठेवून घ्याल का, असं दादांना विचारून पाहिलं. दादा एवढंच म्हणाले, "अरे, तुझ्या वहिनीचं सोवळं आणि तुझा कुत्रा, दोन्ही मी कुठे ठेवू?" त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळे भांडताही आलं नाही.

मला वाटलं, निदान खंड्या आगरावर सुखाने राहील. आता तो वाफ्यात पाय टाकत नव्हता, लोकांना आवडू लागला होता. नथूशी बोलताना मी तसं म्हणालो. त्याने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. "रावसाहेब, तो वाफ्यात जात नाय तो तुमाला बगून. तुमी गेल्याव कोनाला बगंल?"

मी रात्रभर त्याचाच विचार केला. नथूला वाटत होतं त्याहून गोष्ट वाईट होती. मी दिसेनासा झालो की मला शोधायचं, हा खेळ मीच त्याला शिकवला होता. मी आगबोटीत बसलेला असेन आणि हा प्रत्येक ढिगामागे मला धुंडाळत असेल. बांधांवर नाही सापडलो तर वाफ्यांतून धुंडाळेल. आणि मग होडी, खाडीपल्याड, कोल्ही.

मी बायजाकडे गेलो. म्हणालो, "याला तुझ्याकडे बघायला शिकवू या."

"मना नाय कुत्र्याचं येड," ती म्हणाली. हातातलं जाळं विणत राहिली. मग आपणहून म्हणाली, "पावसात हितं सगला पानी भरतो. मानसं गावात जातात. मी न् ही खाडी, दोगीच. तवा कोनी भुंकला तं बराच हाय म्हना."

तिने लपंडाव खेळायला साफ नकार दिला. "मी लपून बसले तं माझा काम कोन करंल?" काथ्याची गाठ घेऊन ती नाचणारही नव्हती. तिने तशीच दुसरी गाठ करून कमरेला मागे खोचली आणि कामाला चालू लागली. चालताना गाठ हले. खंड्याने तिचं टोक धरलं की ती न थांबता म्हणे, "आलास रं? चल मंग." आणि त्याने वर पाहिलं की पुडीतून सुकट. माझ्या दहा उड्यांनी जे झालं होतं, ते तिच्या चालण्याने होऊ लागलं. प्रत्येकाचा खेळ वेगळा असतो, कुत्र्याला ते चालतं.

अडचण माझी होती. मी दिसलो की तो तिला सोडून माझ्याकडे येई. मग मला कंटाळवाणं व्हावं लागलं. तो समोर येऊन बसे, तोंडाकडे बघे, आणि मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे पुलाकडे बघत राही. हलायचं नाही, बोलायचं नाही. त्याला वाटे हा नवा खेळ आहे. तो आणखी नीट बसे. एकदा त्याने कुठूनतरी माझी जुनी काथ्याची गाठ शोधून आणली आणि माझ्या पायावर ठेवली. माझा हात पुढे गेला. बायजा पाटापलीकडून म्हणाली, "बगू नका, रावसाहेब. तुमी मनात हसलाव तरी त्याला समजतं." मी दोन्ही हात पाठीशी धरले. तो बराच वेळ बसला. मग उठला, आळस दिला, आणि तिच्यामागे गेला.

घरच्यांनी माझ्याकडे बघून नजरा का फिरवल्या असतील, ते मला तेव्हा थोडंसं कळलं. ज्याच्याकडे बघून आपला धीर सुटेल, त्याच्याकडे माणूस बघत नाही.

निघायच्या दिवशी शिपायाने माझी पेटी आधीच होडीवर पोचवली होती. मी एकटा बांधावरून चाललो होतो. समोरून बायजा आली, डोक्यावर मिठाची टोपली, मागे खंड्या. बांध अरुंद. मी एका ढिगाला पाठ लावून उभा राहिलो. बायजा जवळून गेली. आम्ही बोललो नाही, तसं ठरलंच होतं. तिने पदराच्या टोकाने डोळा पुसला, बहुतेक घाम असेल. खंड्या आला. त्याची बाजू माझ्या धोतराला घासली, इतका जवळून गेला. नाकपुड्या हलल्या. त्याने मला ओळखलं, यात शंका नाही. पण त्याची मान वर होती आणि डोळे बायजाच्या तोंडाकडे लागलेले होते. तो थांबला नाही.

इतकं चांगलं जमलेलं दुसरं काम माझ्या हातून आयुष्यात झालं नाही.

मी होडीकडे चालू लागलो. नावाडी म्हणाला, "रावसाहेब, कुत्र्याला एक हाक मारून घ्या की, शेवटची." मी म्हणालो, "नको, मागे लागेल." पुढे दादांना, कारवारच्या वरिष्ठांना, ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी हेच सांगत आलो, की हाक मारली असती तर तो वाफ्यांतून धावत आला असता. ते खोटं आहे. हाक माझ्या ओठांवर आली होती आणि मी ती गिळली, कारण मला भीती वाटली की तो येणार नाही.